विल्फ्रेडकाकांची इंजिनं

थेल्मा क्लेगची सव्वीस वर्षं इंग्लंडातल्या डॉनकास्टर गावच्या एका घरदलालाच्या कचेरीत गेली. घरांच्या जाहिराती लिहायचं तिचं काम. खोलीत पलंग मावत नसेल तर ती लिहायची ‘आटोपशीर’. छत गळत असेल तर ‘थोड्या डागडुजीने सोनं होईल असं घर’. धडधडीत खोटं काही नसायचं, पण वाचणारा घर बघायला यायचाच. कचेरी बंद पडली तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. नवरा कीथ त्याआधीच रेल्वेच्या कारखान्यातून घरी बसला होता, आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्याने आपला उद्योग मांडला होता.

रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मेलेल्या माणसांची घरं रिकामी करणाऱ्यांकडे छोट्या आगगाड्यांची मोडकी इंजिनं ढिगाने मिळतात. ओंजळीत मावतील एवढी, पण हुबेहूब खऱ्यासारखी. कीथ ती उचलून आणायचा, रंग द्यायचा, नंबर बदलायचा, जळलेल्या मोटरवर एखाद्या नामांकित इंजिनाचं कवच बसवायचा आणि भलत्याच इंजिनाच्या जुन्या खोक्यात घालून इंटरनेटवरच्या लिलावात विकायला ठेवायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तरी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. ‘दुर्मीळ, अतिदुर्मीळ’ यापुढे त्याची गाडी सरकत नसे.

एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “थेल्मा, ढेकणाने भरलेलं घर तू राजवाडा म्हणून विकलंस. माझं एक इंजिन विकून दाखव की.”

तिने दहा मिनिटांत लिहिलं. ‘माझे विल्फ्रेडकाका गेल्या हिवाळ्यात वारले. आयुष्यभर त्यांनी खऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला आणि घरी येऊन ही छोटी इंजिनं जपली. मला यातलं काही कळत नाही. चालवून पाहिलेलं नाही, कारण त्यांच्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला अजून सोसत नाही.’

विल्फ्रेड नावाचा काका तिला कधीच नव्हता. पण सहा पौंडांचं ते हिरवं इंजिन चौऱ्याण्णव पौंडांना गेलं. बार्न्सलीला राहणारी कीथची बहीण डोरीन आपल्या नावाने खोट्या बोल्या लावून भाव चढवत होती, तोही भाग त्यात होता. मात्र शेवटची बोली खऱ्या माणसाची होती. वेल्समधल्या बार्मथ गावचे कोणी एम्लिन प्यू.

दोन दिवसांनी प्यूंचा निरोप आला. काकांबद्दल वाईट वाटलं, असं लिहून त्यांनी विचारलं होतं की काका इंजिनाला कोणतं तेल घालायचे. त्यांच्याच पद्धतीने सांभाळावं म्हणतो. थेल्माला हसू आलं. शिवणयंत्राचं, असं तिने कळवून टाकलं. आठवड्याने साईटवर त्यांचा अभिप्राय दिसला: ‘उत्तम. वर्णन केलं तसंच.’

ते वाचून मात्र ती जराशी चरकली. त्या इंजिनाची मोटर जळलेली होती, हे तिला माहीत होतं. ते जागचं हलणं शक्य नव्हतं. तिने कीथला विचारलं. तो म्हणाला, “तक्रार आलीय का? नाही ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?”

पुढची दोन वर्षं प्यू येतच राहिले. विल्फ्रेडकाकांचं काहीही विकायला आलं की त्यांची बोली ठरलेली. ते पूर्वी बेकरी चालवायचे. पहाटे तीनला उठून साऱ्या गावाचे पाव भाजायचे. बायको वारली, बेकरी विकली, आता खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपड्यांचं दुकान होतं आणि हे वर एकटे. लहानपणी आगगाडी हवी होती, ती आता मिळाली, असं त्यांनी एकदा लिहिलं. काकांबद्दल ते विचारायचे आणि थेल्मा सांगायची. काका एका कानाने बहिरे होते. खिशात पुदिन्याच्या गोळ्या ठेवायचे. लग्न ठरलेली मुलगी कॅनडाला निघून गेली, त्यांनी रागाने तिच्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत आणि ते जन्मभर पस्तावले. हे सगळं तिच्या बोटांतून आपोआप उतरायचं. घरांच्या जाहिरातींत एवढी मोकळीक कधी मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर निरोप आलेला दिसला की तिला बरं वाटायचं. कीथ जेवताना बोलत नसे. प्यू आपल्या बोक्याचीसुद्धा खुशाली कळवायचे.

मग त्यांनी काकांचा फोटो मागितला. कीथने कुठल्याशा घरातून आणलेल्या खोक्यात एक जुना अल्बम होता. त्यातला टोपीवाला, हसरा, अनोळखी माणूस थेल्माने निवडला आणि पाठवून दिला.

सतरा इंजिनं गेली. सतराही वेळा ‘उत्तम’.

अठरावं विकायला ठेवलं तेव्हा प्यूंची बोली आली नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं. प्यूंच्या मुलीचं, रिआनचं. वडील फेब्रुवारीत गेले. इंजिनं विल्फ्रेडच्या घरच्यांना परत द्यावीत, असं ते लिहून ठेवून गेलेत. टपालाने पाठवली तर मोडतील. तुम्ही येऊन न्याल का?

कीथने पत्र दोनदा वाचलं. “फुकटात माल परत येतोय. जा आणि घेऊन ये. मला नको पाठवूस, मला रडता येत नाही.”

तिने ताटली सिंकमध्ये ठेवली. आणि ती गेली. पुढच्या गुरुवारी तीन गाड्या बदलून दुपारी बार्मथला उतरली, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. इंजिनं उचलायची, दोन शब्द बोलायचे आणि परतीची गाडी पकडायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

रिआन चाळिशीची, दात तपासणाऱ्या डॉक्टरांकडे मदतनीस. तिने थेल्माचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला वर नेलं. मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल होतं. त्यावर रूळ, पूल, पिठाच्या लगद्याचे डोंगर. सतरा इंजिनं ओळीने एका स्टेशनात उभी. भिंतीवर चौकटीत तो टोपीवाला माणूस.

“बाबा रोज सकाळी त्यांना नमस्कार करायचे,” रिआन म्हणाली. “आधी त्यांना, मग बोक्याला, मग मला फोन.”

थेल्माने बॅगा दाराशीच ठेवल्या. इंजिनं छान मांडलीत, असं काहीतरी ती पुटपुटली.

रिआनने एक लिफाफा पुढे केला. “हे तुमच्यासाठी आहे. आधी मी सांगते, मग वाचा. बाबांचे हात थरथरायचे. पहिलं इंजिन आलं, ते चाललं नाही. बाबा म्हणाले, तेल घालताना माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. दुसरंही तसंच. मी म्हटलं परत पाठवा, तर म्हणाले, त्या बाईने विश्वासाने दिलं आणि मी मोडलं, आता कोणत्या तोंडाने परत पाठवू? आपले हातच गेले, हे त्यांनी मनावर घेतलं. आधी रस्त्यावर गाडी चालवणं सोडलं. मग शनिवारी घरी पाव भाजणं. माझ्या मुलीचा वाढदिवसाचा केकही नाही केला गेल्या वर्षी. ज्या हातांनी विल्फ्रेडची इंजिनं मोडली त्यांच्यावर भरवसा नको, म्हणायचे. डॉक्टर सांगून दमले की थरथर किरकोळ आहे, वयाची आहे.”

थेल्माने लिफाफा उघडला. वाकडंतिकडं अक्षर होतं. ‘प्रिय मिसेस क्लेग, तुमच्या काकांनी जन्मभर जपलेलं मी दोन वर्षांत एकेक करून बिघडवलं. चालतं म्हणून लिहीत राहिलो, कारण खरं सांगायची लाज वाटली. जमलं तर माफ करा.’

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. रिआन चहा टाकायला निघाली होती. थेल्मा म्हणाली, “थांब. चहा नको करूस माझ्यासाठी.”

आणि तिने सांगितलं. सगळं, एका दमात, जाहिरात लिहावी तसं नव्हे, अडखळत, मागचं पुढे करत. मोटरी आधीपासूनच जळलेल्या होत्या, हे सांगितलं. डोरीनच्या बोल्या सांगितल्या. काका नव्हताच, हे सांगायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रिआन ऐकत उभी राहिली. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, “हा कोण मग?”

“माहीत नाही. अल्बममधला कुणीतरी.”

“आणि कॅनडाची मुलगी?”

“तीही खोटी.”

रिआन टेबलाच्या कडेला टेकली.  मग ती म्हणाली, “ती गोष्ट वाचून बाबांनी माझ्या आत्याला फोन केला. एकोणीस वर्षं अबोला होता. त्यांना दफन करायला आत्या आली, रडली. आता तिला काय सांगू मी? की हे एका चोराच्या बायकोने ग्राहक टिकवायला रचलं होतं?”

“तिला नको सांगूस.”

“मला कशाला सांगितलंत मग?” तिचा आवाज चढला नव्हता. “माझे बाबा गेले. त्यांना सांगता आलं असतं, दोन वर्षं रोज सांगता आलं असतं. एक ओळ टाकली असती, इंजिन मेलेलं आहे म्हणून, तर ते आपल्या हातांना दोष देत मेले नसते. आता तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी ऐकून घ्यायचं?”

 थेल्माने पर्स उघडली, पैसे परत करते म्हणाली. रिआनने पर्सकडे पाहिलंसुद्धा नाही. “इंजिनं तुम्हाला मिळणार नाहीत. बॅगा उचला आणि जा.”

परतीच्या गाडीला दोन तास होते. थेल्मा स्टेशनावरच्या बाकावर बसून राहिली. समोर समुद्राला ओहोटी लागली होती.

घरी आल्यावर रिकाम्या बॅगा बघून कीथ आधी चिडला आणि मग, तिने सगळं ओकल्याचं कळल्यावर, पांढराफटक पडला. तो तिला मूर्ख म्हणाला. तुझ्याच शब्दांनी माल विकला गेला, असंही म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. थेल्मा दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ग्राहक विभागात गेली आणि स्वतःची नि नवऱ्याची तक्रार नोंदवून आली. तिथल्या माणसाने कागद भरून घेतला. लिलावाच्या साईटने कीथचं खातं बंद केलं, कौन्सिलकडून ताकीद देणारं पत्र आलं, आणि पुढे काही झालं नाही. कीथ शेडमधली हत्यारं गाडीत भरून बार्न्सलीला बहिणीकडे राहायला गेला. छत्तीस वर्षांचा संसार एका फेरीत गाडीत मावला.

थेल्माने जुन्या ग्राहकांना एकेक करून पत्रं लिहिली. काहींनी शिव्या घातल्या. एकाने लिहिलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण काकांची गोष्ट आवडली म्हणून घेतलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. रिआनला तिने दोनदा लिहिलं. दोन्ही पत्रं न फोडता परत आली.

सप्टेंबरात एका दुपारी तिला साईटवर ती सतरा इंजिनं दिसली. फोटो रिआनने काढलेले, लख्ख उजेडात, चहूबाजूंनी. खाली चारच वाक्यं: ‘सतरा इंजिनं. एकही चालत नाही. नंबर आणि खोकी खोटी आहेत. सुट्या भागांसाठी घ्या.’

सहा दिवस कुणी बोली लावली नाही. आपणच घ्यावीत असं थेल्माच्या मनात येऊन गेलं, पण तिचं नाव दिसताच रिआन विक्री रद्द करील, हे तिला ठाऊक होतं. रविवारी दुपारी मुदत संपायला पाच मिनिटं असताना एक बोली पडली. एक्केचाळीस पौंड. बोली लावणाऱ्याच्या नावाची फक्त पहिली आणि शेवटची अक्षरं दिसत होती, पण ती अक्षरं थेल्माने दोन वर्षं रोज पाहिली होती. ते डोरीनचं खातं होतं.

तिने रिआनला फोन लावला. उचलला नाही. सोमवारी लावला, उचलला नाही. मंगळवारी दुपारी रिआनने फोन घेतला. थेल्मा घाईघाईने म्हणाली, “ठेवू नकोस, ऐक. घेणारी माझी नणंद आहे. म्हणजे कीथच. तो रंग देऊन पुन्हा विकेल. पाठवू नकोस ती.”

 रिआन म्हणाली, “सकाळीच पाठवली.” आणि तिने फोन ठेवला.