निंबोल्याची परवानगी

निरंजनच्या कादंबरीविरुद्ध बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये निषेधसभा भरली, तेव्हा ती पूर्ण वाचलेला माणूस तिथे एकच होता. तो म्हणजे निरंजन. बाकीच्यांनी मोबाइलवर एका पानाचा फोटो पाहिला होता. तरी मांडव भरला होता. प्रकाशनाला अकरा माणसं आली होती, त्यातली चार चहासाठी.

फोटोतल्या पानावर कराचीची शगुफ्ता नायकाचा हात धरून शहराजवळच्या निंबोला गावी केळीच्या बागेत फिरते आणि केळफुलाचं एकेक पान उचलून आत काय आहे ते बघते.

"बाई पाकिस्तानची, धर्म दुसरा आणि बाग आपली!" सभा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष गजानन माइकवर गरजला. पुरावा म्हणून टेबलावर एक केळफूलही मांडलं होतं. ते ज्यांच्या बागेतलं, ते चुडामणकाका, निरंजनचे सख्खे चुलते, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

गजाननने माइकवर हात ठेवला. "निरंजनभाऊ, आपण घरचेच. बाकी किताब राहू द्या. एवढं प्रकरण फाडा आणि सांगून टाका, ही बाई निंबोल्याला आलीच नाही. मॅटर खतम."

अडचण एवढीच होती, की ते खरं होतं.

शगुफ्ता खरोखर होती. निरंजन कॉलेजसाठी बुऱ्हाणपुरात खोली घेऊन राहायचा, तेव्हा समोरच्या घरी ती कराचीहून आजोळी आली होती. विझा फक्त शहराचा, निंबोला त्याबाहेर. निरंजन काकांच्या बागेबद्दल इतकं बोलायचा, की ती एकदा म्हणाली, "केले का फूल दिखाओ ना. स्कूटर से कितना दूर है? कौन देखेगा?"

"विझा शहर का है," निरंजन म्हणाला. पुढे कागद मिलच्या हिशेब खात्यात जन्म काढणारा माणूस तो. तेव्हाही नियमाबाहेर श्वास घेत नसे. त्याने तिच्या नानीकडून पोलिसांत परवानगीचा रीतसर अर्ज करवला. साहेब सुट्टीवर होते. साहेब परतले तोवर शगुफ्ता कराचीला पोचली होती.

मागच्या वर्षी मावा जिलेबीच्या दुकानात तिचा मामेभाऊ भेटला. "शगुफ्ता गुजर गई," म्हणाला आणि जिलेबी बांधून घेऊन गेला. त्यानंतर निरंजन लिहायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने परवानगीशिवाय एक काम केलं: तिला निंबोल्याला नेलं.

आता तो उभा राहिला. हिशेबनीसाच्या हातांनी ती पानं शिवणीपाशी धरली आणि कडा न दुखावता फाडली.

"ती निंबोल्याला आली नव्हती," तो म्हणाला.

"जोर से, भाऊ! मागे ऐकू येत नाही."

"ती निंबोल्याला कधीच आली नाही!"

त्याचा आवाज फाटला. लोकांना तो पश्चात्ताप वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. गजाननने त्याला शाल पांघरली. ती कुठल्या तरी सत्कारातून उरली होती.

मांडव रिकामा झाल्यावर चुडामणकाका केळफूल काखोटीला मारून जवळ आले.

"निरू, खरी होती का रे ती पोरगी?"

"होती, काका."

"मंग आणली काऊन नाही?"

"परवानगी नव्हती."

काकांनी काखेतलं केळफूल हातात घेतलं. "बाग माही होती बाबू. मले तं कोणी इचारलंच नाही." मग केळफूल त्याच्या हातात देत म्हणाले, "घे. भाजी कर. इथं सुकून जाईल."

घरी येऊन निरंजनने चीक लागू नये म्हणून हातांना तेल चोळलं आणि वरचं लाल पान उचललं. आत पिवळसर कळ्या एका ओळीत, शहाण्यासारख्या बसल्या होत्या.

"देखो," तो म्हणाला.

पुढचं पान काही त्याच्याने उचलवेना.