हनुवटीचा नकार

झाही खैरल्लाने चित्रफीत मागे घेतली आणि पुन्हा सुरू केली. पडद्यावर एक वृद्ध स्त्री उशीला टेकून बसली होती. मसुराचे सूप आणू का, असे यंत्र तिला विचारत होते. तिची हनुवटी झटक्यासरशी वर गेली, भुवया उचलल्या गेल्या, पापण्या क्षणभर मिटल्या, आणि मग मान आपल्याच वजनाने हळूहळू खाली आली. तिच्या चेहऱ्याखाली हिरवा दिवा लागला: हो.

झाहीने फीत आणखी एकदा मागे घेतली.

बैरूतमधल्या रांगत्या पोरालाही कळावा असा तो नकार होता. या शहरात माणसे दिवसभर असेच ‘नाही’ म्हणतात. टॅक्सीवाला म्हणतो, भाजीवाला म्हणतो, नवरा जागचा न हलता बायकोला म्हणतो. हनुवटी उचलली की विषय संपला. आणि झाहीने स्वतःच्या हातांनी लिहिलेला, ओळ न् ओळ तपासलेला प्रोग्राम त्या हनुवटीला होकार समजत होता.

चूक कुठे झाली हे त्याला बसल्या जागी उमगले. ज्यांची वाचा आणि हात दोन्ही गेले आहेत अशा आजाऱ्यांसाठी हे सॉफ्टवेअर होते. मानेच्या हालचाली ओळखण्याची जी तयार सोय बाजारात मिळे ती तरुण, चपळ मानांसाठी बेतलेली. म्हणून त्याने स्वतःची रचना केली. नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवायचे. तो वरखाली झाला तर हो, आडवा हलला तर नाही. वेगाचा विचार त्याने मुद्दामच वगळला, थकलेल्या मानांवर दया म्हणून. मग चाचणीसाठी कचेरीतल्या सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवले. ‘नाही म्हणा’ असे सांगताच प्रत्येकाने, परदेशी सिनेमातल्यासारखी, मान शिस्तीत उजवीडावीकडे फिरवली. खुर्चीवरून उठल्यावर त्याच माणसांना कुणी कॉफी विचारली की ती हनुवटी उचलत. यंत्रापुढे आपण सगळे पाहुणे होऊन बसलो, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. झाहीच्याही नाही.

“नझीह, इकडे ये.”

“जेवतोय!”

कंपनीचा मालक नझीह आला तो जेवण हातात घेऊनच. कागदात गुंडाळलेल्या, झातरचा हिरवट मसाला लावलेल्या रोटीतून तेल त्याच्या मनगटापर्यंत ओघळले होते. त्याने अंगठा पडद्यावर टेकवला आणि म्हातारीच्या कपाळावर हिरवट डाग उमटला.

“छान चाललंय की. हो म्हणाली.”

“ती नाही म्हणाली.”

नझीहने पुन्हा पाहिले. त्याचे चघळणे थांबले आणि लगेच सुरू झाले.

“अरे खरंच! नाहीच म्हणतेय.” तो खो खो हसला. “माझी सासू! डिट्टो माझी सासू!”

“हसू नकोस. वृद्धाश्रमातून सिस्टर ग्लाडिसचा फोन होता. म्हणाल्या, या बाई, सित्त वदाद, यंत्राला हो म्हणतात आणि सूप थुंकतात, त्यांचं डोकं फिरलंय बहुतेक. त्यांना नको ते सगळं आपण त्यांच्या तोंडात कोंबतोय.”

“मग कर दुरुस्त. पुढच्या आवृत्तीत टाकू.”

“आज टाकायचं. आणि आजवरचे सगळे होकार संशयास्पद आहेत, असं प्रत्येकाला कळवायचं.”

“च्च!” नझीहची हनुवटी वर गेली. “वेड लागलं काय? आणखी दोन आश्रम घ्यायचं म्हणताहेत. त्यांना काय सांगू, आमच्या यंत्राला आपली माणसं कळत नाहीत?”

“आत्ता तू जे केलंस ना, ते आपल्या यंत्रापुढे केलं असतंस तर तो होकार ठरला असता. तेव्हा तुझी परवानगी मिळाली असं मी धरतो.”

“उस्ताजसाहेब, तू माझ्याशी बोलतोयस की कोर्टात उभा आहेस?” नझीह बोटे चाटत निघून गेला.

झाहीने फडक्याने पडदा पुसला. डाग गेला नाही, पसरला. त्या ओशट धुरकटपणातूनच त्याने त्या बाईंच्या उरलेल्या फिती पाहिल्या. अंघोळ, औषध, खिडकी. शेवटच्या फितीत खाटेपाशी कुणा पुरुषाचा खांदा दिसत होता आणि प्रश्न कुटुंबाने लिहून दिलेला होता: आई, अश्रफियेचं घर विकू का? हनुवटी वर गेली. प्रश्न पुन्हा विचारला गेला. हनुवटी पुन्हा गेली, आधीपेक्षा जोरात. दोन्ही वेळा हिरवा दिवा.

त्याने सिस्टर ग्लाडिसना फोन लावला.

“तो त्यांचा मुलगा, कमील,” त्या म्हणाल्या. “घरासाठीच आलाय आफ्रिकेतून, अबिजानहून. दोघी मुली माँट्रियलला असतात. त्यांनी बजावलं होतं, आई हो म्हणाल्याशिवाय आम्ही सही करणार नाही. ती फीत गेली तेव्हा कुठे तयार झाल्या. परवा सह्या आहेत. का हो, काय झालं?”

झाही दिवसभर जागचा उठला नाही. हनुवटी वर जाण्याचा वेग, भुवयांची उचल, पापण्यांचे मिटणे या तिन्हींची मिळून त्याने एक नवी खूण बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी, नझीहला न विचारता, तो गाडी घेऊन आश्रमाकडे, बैत मेरीच्या डोंगराचा चढ चढला.

आश्रमात क्लोरीनचा आणि उकडलेल्या भाजीचा वास कोंदला होता. कमील गच्चीत उभा होता. पन्नाशीचा, खांदे उतरलेला माणूस. सदऱ्याला कडक इस्त्री, पण कॉलर विरलेली. आगपेटीच्या काडीने तो नखांतला मळ काढत होता आणि काढलेला मळ कठड्याला पुसत होता. झाहीने नजर दुसरीकडे वळवली आणि, त्याच्या सवयीप्रमाणे, सुस्पष्ट आणि पूर्ण वाक्यांत सगळे सांगितले: हालचाल कशी मोजली, कुठे फसली, कशी दुरुस्त केली.

“म्हणजे ती नाही म्हणाली होती,” कमील म्हणाला.

“दोनदा.”

“तीनदा. पहिल्यांदा कॅमेरा सुरू नव्हता.”

काडीचे टोक मोडले. त्याने खिशातून दुसरी काढली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“आई आहे ती माझी. सायकल मागितली तेव्हा अशीच म्हणाली. अबिजानला जाऊ का विचारलं, तेव्हाही अशीच. ते मला तुमच्या कॅमेऱ्याकडून शिकायचंय होय?”

“आणि तरी तो होकार तुम्ही बहिणींना पाठवलात?”

“मी कुठे पाठवला? यंत्रानं पाठवला.”

 नझीहचा निलाजरेपणा निदान उघडा होता. याने आपला निलाजरेपणा इस्त्री करून घातला होता. झाहीचा आवाज चढला.

“तुम्ही शेजारी उभे होतात. आई जिवाच्या आकांतानं नाही म्हणतेय हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. एका शब्दानं थांबवता आलं असतं. तुम्ही माझ्या चुकीचा फायदा घेतलात, आणि तोही अशा बाईविरुद्ध, जिला ओरडतासुद्धा येत नाही. याला काय म्हणतात, कमील साहेब? माझ्याकडे एकच शब्द आहे. चोरी.”

“हळू बोला.”

“का म्हणून हळू बोलू?”

कमीलने काडी कठड्यापलीकडे टाकली. मग तो म्हणाला, “बंदरातल्या स्फोटात गेलेल्या काचा अजून बसवलेल्या नाहीत तिथे. स्वयंपाकघरात कबुतरं आहेत. तिला वाटतं, पायांत बळ आलं की ती परत जाणार. आता कुठले पाय, उस्ताज?”

“मग हे त्यांना सांगा.”

“तुम्हीच सांगा. तुमचं बोलणं सुरेख आहे.”

“मी सांगणार नाही. मी विचारणार आहे. आत्ता, नव्या प्रोग्रामवर, तुमच्यादेखत.”

“विचारा,” कमील म्हणाला आणि वाट द्यायला बाजूला झाला.

खोलीत पाऊल टाकल्यावर झाहीला खिडकी दिसली. गच्चीकडच्या त्या खिडकीची झडप सताड उघडी होती आणि सित्त वदाद यांचे डोके नेमके तिच्याखाली होते; बाहेरचा शब्द न् शब्द इथे पोचला असणार. सिस्टर ग्लाडिस पेल्यात चमचा घालून बसल्या होत्या. तो चमचा हलत नव्हता. त्यांनी झाहीकडे पाहिले नाही.

त्याने कॅमेरा लावला.  सुरुवात सुपापासून केली.

यंत्राने विचारले, मसुराचं सूप आणू का?

हनुवटी वर गेली. लाल दिवा लागला: नाही.

सित्त वदाद यांनी पडद्याकडे पाहिले. तोंडाची एकच बाजू हलू शकत होती, ती हलली. सिस्टर ग्लाडिस हसल्या आणि लगेच त्यांनी ओठांवर रुमाल धरला. “महिनाभर पाजलं हो मी तुम्हाला,” त्या पुटपुटल्या. “माफ करा, सित्त.”

“आता दुसरा प्रश्न,” झाही म्हणाला. “सावकाश. घाई नाही. तुम्हाला वाटेल ते सांगा, यंत्र आता नीट ऐकेल.”

कमील मागोमाग येऊन खाटेच्या पायथ्याशी बसला होता. आईच्या एका पायातला मोजा टाचेखाली घसरला होता, तो त्याने वर ओढला. मग दुसरा मोजा जागेवर असूनही ओढला. त्याने मान वर केली नाही.

यंत्राने विचारले, आई, अश्रफियेचं घर विकू का?

सित्त वदाद यांची नजर पडद्यावरून झाहीकडे आली आणि थोडा वेळ तिथे थांबली. अनोळखी माणूस पुसायला विसरलेल्या बुटांनी घरात शिरला की घरातली बाई जसे पाहते, तसे त्यांनी पाहिले. मग त्या मुलाच्या वाकलेल्या मानेकडे पाहू लागल्या. मानेवरचे केस वाढून विरलेल्या कॉलरवर आले होते.

त्यांनी डोके खाली नेले आणि वर आणले. मंद बुद्धीच्या माणसाला समजवावे तसे, आणखी एकदा. खाली. वर.

हिरवा दिवा लागला.

झाहीने आकडे पाहिले. वेग पाहिला, भुवया पाहिल्या, पापण्या पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. कुठेही शंकेला जागा नव्हती. इतका स्वच्छ होकार त्याच्या प्रोग्रामने आजवर ओळखला नव्हता.

“पुन्हा विचारायचं का?” त्याने विचारले. कुणाला विचारले ते त्यालाच कळले नाही.

सिस्टर ग्लाडिस पेला घेऊन उठल्या आणि त्याच्या बाजूने बाहेर गेल्या.

“उस्ताज,” कमील मोज्याकडे पाहतच म्हणाला, “या वेळी चूक नाही ना?”

“नाही.”

“मग बहिणींना पाठवून द्या. माझे हात अडकलेत.”

दोन्ही हातांत त्याने आईचे पाऊल धरले होते. सित्त वदाद यांनी डोळे मिटून घेतले होते.  झाहीने बटण दाबले आणि फीत गेली की नाही ते नीट तपासून पाहिले.