तिच्या गालावरची फुलं

मी एक फुलदाणी बोलतेय. खरी नव्हे, रंगवलेली. निळी फुलदाणी, सात पिवळी फुलं. त्यातली पाच कालपर्यंत पुसून झाली, म्हणून घाईनं बोलतेय. रडगाणं गायला आलेले नाही. मी गुन्हेगार आहे.

माझ्या रंगाखाली चित्रातली एक बाई आहे, सुईत दोरा ओवणारी. दोनशे वर्षं जुनी, संग्रहालयाचा जीव की प्राण. तिला साफ करायचं काम मास्तरांकडे आलं. मास्तर तिथली जुनी चित्रं दुरुस्त करायचे. हात असा हलका, की चित्राला कळूही नये! पण त्या दिवशी द्रावण कडक झालं. कापसाच्या एका बोळ्यासरशी मळ निघाला आणि त्याच्याबरोबर तिचा डावा गालही.

‘चुकलो’ एवढं म्हणायचं होतं. मास्तरांना ते जमलं नाही. चित्र जेमतेम दोन वितींचं. त्यांनी ते पिशवीत घातलं, रिकामी चौकट भिंतीवर टांगली आणि निघाले. दारावरचा पहारेकरी सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघायचा. त्यांना मात्र म्हणाला, “तुमची काय बघायची, मास्तर! जा, घरी वाट बघत असतील.”

घरी त्यांनी तिच्यावर वार्निशचा जाड थर दिला आणि त्यावर मला रंगवलं. पुढे धीर झाला की मला अलगद उतरवून गाल नीट करायचा, असा बेत. म्हणजे मी चार दिवसांची पाहुणी. राहिले एकतीस वर्षं.

इकडे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पहारेकऱ्याची नोकरी गेली. “सगळ्या पिशव्या बघितल्या,” एवढंच तो सांगत राहिला. शाळेत त्याच्या मुलांना ‘चोराची पोरं’ म्हणायचे. तो छत्र्या दुरुस्त करू लागला. आणि तरीही दर रविवारी मास्तरांकडे चहाला यायचा, माझ्यासमोरच्याच खुर्चीत बसायचा.

“फुलं झकास काढलीत हो,” तो म्हणायचा. मास्तर साखर विरघळली तरी चहा ढवळत राहायचे.

मीही मिठाची गुळणी धरली. मला तोंड नव्हतं, कबूल. पण रंगाची एक खपली टाकता आली असती. नाही टाकली. मला भिंतीवर राहायचं होतं.

मास्तर वारले. त्यांच्या मुलीनं, ताईंनी, मला ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा कुठे मी पकड सोडली. एक पान गळलं आणि खालून सुई धरलेली दोन बोटं दिसली. ताईंनी ती लगेच ओळखली. चोरीला गेलेल्या चित्राच्या बातमीचं, फोटोसकट कात्रण बाबांच्या ब्रशांच्या डब्यात त्यांनी पाहिलं होतं. दोन दिवस त्यांचा निर्णय होईना. सांगावं तर बाबा चोर, न सांगावं तर पहारेकरीकाका.

“गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?” भाऊ म्हणाला.

“आणि जिवंत माणसाची गेली ती?” ताई म्हणाल्या, आणि मला घेऊन संग्रहालयात आल्या.

आज काका इथे स्टुलावर बसलेत, काठी गुडघ्यांत धरून. चित्रं दुरुस्त करणारी मुलगी मला पुसतेय. सहावं फूल गेलं आणि तो गाल दिसला. बोराएवढा पांढरा डाग.

काका वाकून बघत राहिले. “एवढंच? एवढ्यासाठी?”

“काका, बाबांना...” ताईंनी सुरुवात केली.

“एकच पिशवी बघितली नव्हती मी, पोरी. मला काय ठाऊक नव्हतं? पण आपलं नाव त्यानं स्वतः घ्यायला हवं होतं. दर रविवारी वाटायचं, आज सांगेल. तेवढ्यात चहा संपायचा.”

एकतीस वर्षं मला वाटत होतं, तुम्ही फुलं बघता; तुम्ही तर वाट बघत होतात. काका, माझं चुकलं. मास्तरांचं राहिलेलंही मीच म्हणते, चुकलं.

आता शेवटचं फूल उरलंय. पूस, मुली. फक्त हात हलका ठेव. खाली तिचा दुसरा गाल आहे.