समोरच्या दाराची चिठ्ठी

खाला परदेशातल्या या इमारतीत राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने झाकलेलं ताट घेऊन समोरच्या घड्याळजीचं दार ठोठावलं. शेजारी उपाशी आणि आपण पोटभर, हे तिच्या दीनात, धर्मात बसतच नव्हतं. घड्याळजी गोरा, निवृत्त, एकटाच राहणारा. त्याने ताट घेतलं, आभार मानले आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की पुढच्या वेळी आधी विचारून आलात तर बरं. घ्या! ताट द्यायलाही परवानगी? खालाचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या शहरातल्या मुलाने फोनवर उलट तिलाच समजावलं, की अम्मी, इथे माणसाला त्याच्या घरात एकटं सोडणं हाच मान असतो.

"मग मला फारच मान मिळतोय," ती म्हणाली.

त्यानंतर तिने त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिन्यात भेट झाली तर मान हलवायची, बस्स. घर मात्र तिला खायला उठायचं.

मग ताप आला. पडदा उघडायचंही त्राण उरलं नाही. मुलाला घोर नको म्हणून फोनवर 'बरी आहे' असं ठोकून दिलं आणि सगळं लक्ष दाराकडे लावून पडून राहिली. शेजारी मेला की जगला, बघायला नको का कुणी? तिला त्या म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून चिठ्ठी सरकली. भिंत धरत धरत ती गेली. ठळक, सुटी अक्षरं: 'तुमचा पडदा तीन दिवस बंद आहे. मला काळजी वाटते. आज अकरा वाजता बेल वाजवली तर चालेल का?'

खालाने कपाळावर हात मारला. इथे माणूस तापाने फणफणतोय आणि हा वेळ मागतोय! तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. घड्याळजी बाहेरच उभा होता. अंगात कोट, हातात दीड महिन्यापूर्वीचं तिचंच ताट, नीट झाकलेलं. बेल वाजवायची हिंमत नव्हती आणि परत जाववत नव्हतं.

तिने कडी काढली.

"अकरा वाजले," ती म्हणाली.

आयुष्यभर लोकांची घड्याळं मिनिटाला लावून दिलेल्या त्या माणसाने मनगटाकडे पाहिलं. साडेनऊ होत होते.

"हो, वाजले," तो म्हणाला.

परका पुरुष घरात यायचा, म्हणून खालाने दार सताड उघडं ठेवलं. तो उंबऱ्याजवळच खुर्ची ओढून बसला, आणि या घरात पहिल्यांदाच ती कुणासमोर रडली.