सिरियस आहेत

शिरीषने सकाळी माझा फोन मागून घेतला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाला, "तुझा कॅमेरा चांगला आहे, शूटिंग मी करतो." हा माणूस गेल्या सहा वर्षांत माझं एक धड शूटिंग करू शकलेला नाही. प्रत्येक व्हिडिओत त्याचं बोट आणि निम्मं आभाळ. पण मी दिला फोन. शुक्रवार होता, ईद होऊन आठवडा झाला होता आणि मी वर्षभर ज्या दिवसाची वाट बघतो तो दिवस उजाडला होता.

बाबा पहाटेच गेले होते. झोपेत, संगमेश्वरजवळच्या आमच्या घरी. शिरीषला माहीत होतं, यूनुसला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

इकडे गल्फमध्ये आपल्या लोकांची एक पद्धत आहे. कुणाच्या घरचं माणूस गेलं की घरचे ते त्याला कळवत नाहीत, त्याच्या मित्राला कळवतात. मित्र तिकीट काढतो, अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, सुट्टी घेतो, बॅग भरतो आणि मग सांगतो, "सिरियस आहेत, तुला बोलावलंय." खरं काय ते माणसाला घराच्या दारात कळतं. परक्या मुलुखात एकटा कोसळू नये म्हणून ही सोय. मीही ती चांगलीच मानत होतो. मी ती वापरलीही होती, यूनुसवर, दोन वर्षांपूर्वी. त्याच्या अम्मी गेल्या तेव्हा त्याच्या बायकोचा, हाफिजाचा, फोन मला आला होता.

तर त्या दिवशीचं सांगतो. मी इब्राला एसी दुरुस्तीचं काम करतो. बिदियाच्या पुढे वाळूच्या डोंगरांत एक रिसॉर्ट आहे, तिथले सगळे एसी माझ्याकडे. एकदा एक जर्मन पाहुणा महिनाभर राहून गेला आणि जाताना स्कीच्या दोन जोड्या, बूट, काठ्या, सगळं स्टोअरमध्ये टाकून गेला. बर्फावर घसरायच्या त्या पट्ट्या. वाळूवरही चालतात, फक्त खालून मेणबत्ती घासावी लागते. मी पडून, धडपडून शिकलो. पहिल्या वर्षी दात तुटायचा बाकी होता. आता वरून खालपर्यंत न पडता येतो. गावाला व्हिडिओ पाठवला तर बाबा अख्ख्या वाडीला दाखवत फिरले, "आमचा एकनाथ बर्फावर पळतो." मी फोनवर म्हटलं, "बाबा, बर्फ नाही, वाळू आहे." ते म्हणाले, "बघणाऱ्यांना काय कळतंय?"

दर वर्षी मार्चमध्ये, वाळू तापायला लागायच्या आत, आम्ही तिघं जातो. शिरीषचं अल खौदला युनिव्हर्सिटीजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. यूनुस दाभोळचा, बरकाला पिकअप चालवतो. तो शिरीषला घेऊन इब्राला येतो, तिथून मी. त्या सकाळी यूनुसच्या कमरेला राखाडी पट्टा होता, पाठीसाठी लावतात तो. मी म्हटलं, "म्हातारा झालास रे. आता काठी घे हातात." एरवी त्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी नुसता हसला आणि गाडी सुरू केली.

आठ वाजता रिसॉर्टच्या मागच्या डोंगरावर होतो. वाळू अजून गार होती आणि वारा पडला होता. पहिली घसरण अशी आली की काय सांगू. पायाखालून वाळू सूं करून पळायला लागते, तोंडावर गरम-गार हवा आणि खाली येईपर्यंत डोक्यात काही म्हणजे काही उरत नाही. खाली पोचलो तर शिरीष टाळ्या वाजवत होता. मग त्याने माझ्या स्की स्वतःच्या खांद्यावर घेतल्या आणि वर चढायला लागला. स्वतःची पाण्याची बाटली दुसऱ्याच्या पिशवीत टाकणारा हा माणूस! मी म्हटलं, "काय रे, बायकोने दम दिलाय की डॉक्टरने?" तो म्हणाला, "आज तुझा दिवस आहे."

मला बरं वाटलं. ते आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते. बाबा ओसरीवर चादरीखाली होते आणि मी मित्रांकडून लाड करून घेत होतो. शिरीषने घरून थालीपीठं आणली होती, ती मी चार खाल्ली. चौथं त्याने आग्रहाने वाढलं.

पाचव्या की सहाव्या वेळी वर चढलो तेव्हा दहा वाजायला आले होते. यूनुस माथ्यावर बसला होता. त्याने सकाळपासून एकदाही स्की लावल्या नव्हत्या. मी बूट आवळले, काठ्या घेतल्या. तो म्हणाला, "थांब जरा."

"का? वाळू तापतेय."

"एकनाथ, बाबा गेले. पहाटे. झोपेत गेले, त्रास झाला नाही."

मी म्हटलं, "बरं." खरंच एवढंच म्हटलं.

तो बोलत राहिला. रेखाने, म्हणजे माझ्या बहिणीने, साडेचारला शिरीषला फोन केला होता. शिरीषने रात्रीचं तिकीट काढलं होतं. संध्याकाळपर्यंत मला इथे वाळूत ठेवायचं, इथे फोनला रेंज नसते, मग एअरपोर्टवर सांगायचं, सिरियस आहेत. तिकडे गावी दुपारी चार वाजता उचलणार होते. मी वेळेत पोचेन असं कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

"दुपारी अडीचची फ्लाइट आहे," यूनुस म्हणाला. "आत्ता निघालो तर मिळेल. पण ते थांबले पाहिजेत, आणि थांबा म्हणून तू सांगितलं पाहिजेस. दुसरं कोणी नाही सांगू शकत."

खाली जायचं होतं आणि पायात स्की होत्या. मी सुटलो. वाटलं, आता पडेन, तोंडात वाळू जाईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. इतका सरळ मी कधीच आलो नव्हतो. बाप गेलेल्या माणसाला साधं पडताही येऊ नये, याचा मला भयंकर राग आला. तो सगळा मी शिरीषवर काढला. काठी त्याच्या अंगावर फेकली. नको नको ते बोललो. मला थालीपीठ भरवत होतास काय, म्हणालो.

शिरीषने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वरून धावत येणाऱ्या यूनुसला म्हणाला, "आपलं ठरलं होतं ना? आता पंधरा तास हा काय करणार आहे?"

"रडेल," यूनुस म्हणाला. "रडू दे की."

बुटांचे खटके मला उघडेनात. दोघांनी एकेक पाय धरला आणि उघडले.

रिसॉर्टच्या गेटपाशी रेंज येते. शिरीषने फोन परत दिला. रेखाने उचलला आणि लगेच ठरलेलं सुरू केलं, "दादा, बाबांना जरा बरं नाहीये..."

"रेखा, मला कळलंय."

मागे बायकांचा आवाज येत होता.

"मी दुपारच्या फ्लाइटने निघतोय. पहाटे चारपर्यंत घरी पोचतो. थांबा माझ्यासाठी."

"काका म्हणतायत उन्हाळा आहे, ठेवता येणार नाहीत..."

"काकांना सांग, मी थांबा म्हणालोय."

"कोणी सांगितलं तुला?"

"यूनुसने."

"बरं केलं त्याने," ती म्हणाली आणि तिथे पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. मग फोन कानाशी तसाच ठेवून ती कुणाला तरी मोठ्याने म्हणाली, "चारला नाही न्यायचं. दादा येतोय. देवरुखहून बर्फाच्या लाद्या मागवा."

इब्राला खोलीवर पाच मिनिटं थांबलो, पासपोर्ट घेतला, पँट बदलली. अर्बाबला यूनुसनेच फोन केला. तो म्हणाला, यल्ला, जाऊ दे त्याला, कागदाचं नंतर बघू. शिरीष मागच्या सीटवर मान खाली घालून तिकीट बदलत होता. मी यूनुसला म्हटलं, "तुझा जुम्म्याचा नमाज चुकणार आज."

"मुसाफिराला माफ असतो."

रस्ता सरळ होता. मला सारखा दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवत होता. मी असाच त्याला एअरपोर्टवर सोडायला चाललो होतो. सिरियस आहेत, म्हणून सांगितलं होतं. वाटेत तो म्हणाला, औषधांच्या दुकानापाशी थांब, अम्मी कमरेच्या पट्ट्यासाठी कधीची मागे लागलीय, आता नेतोच. त्या वेळी दाभोळला दफन होऊन दोन तास झाले होते. आणि मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. तो लार्ज घेत होता, मी म्हटलं, "अरे, त्या केवढ्याशा आहेत, मीडियम घे." दोन कंपन्यांचे पट्टे हातात घेऊन, वेल्क्रो ओढून बघून, मऊ होता तो मी निवडून दिला. पुढे त्या पट्ट्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही. दर वर्षी वाळूवर आला, हसला, खेळला.

मी त्याच्या कमरेकडे पाहिलं. पट्टा पार टोकापर्यंत ताणलेला होता, वेल्क्रो जेमतेम बोटभर चिकटलं होतं. बाजूच्या लेबलवर एम होता.

"यूनुस, हा तो आहे?"

"हं."

"अरे, तुला होत नाही हा."

"होतो. श्वास जरा कमी घ्यायचा." मग बराच वेळ त्याने ट्रकच्या मागे गाडी ठेवली, ओव्हरटेक केलं नाही. "दार हाफिजाने उघडलं. मी पिशवी पुढे केली, म्हटलं, अम्मीला दे, एकनाथने निवडलाय. ती पिशवी घेईना. मी तसाच हात पुढे करून उभा. तिला वाटलं, तू मला सांगितलं असशील."

"मला माफ कर," मी म्हटलं.

"तू चांगल्यासाठीच केलंस. शिरीषही चांगल्यासाठीच करत होता. म्हणून तर सकाळपासून माझी जीभ रेटत नव्हती."

तेव्हा कुठे मला रडू आलं. मागून शिरीषने खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला नाही. यूनुसने गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही. एअरपोर्टच्या अलीकडे ते औषधांचं दुकान लागलं आणि मागे गेलं.

पहाटे चारला घरी पोचलो. अंगणात बर्फाचं पाणी झालं होतं, त्यातून चालत ओसरीवर गेलो. रेखा उठून पुढे आली आणि सवयीने बॅग घ्यायला हात पुढे केला. मी बॅग आणलीच नव्हती. माझे दोन्ही हात मोकळे होते. मी खाली बसलो आणि बाबांचे पाय धरले. गार होते.