ब्रदर रॅस्कोचा खड्डा

ऑगस्टची रणरणती दुपार. पश्चिम टेक्सासचं माळरान भाजून निघत होतं आणि धर्मोपदेशक ब्रदर रॅस्कोच्या तेलविहिरीच्या नळावर मात्र बर्फाचा पांढराशुभ्र थर! कित्येक वर्षं मेलेली विहीर म्हणे त्याच्या प्रार्थनेनं जिवंत झाली होती. आजारातून बरं व्हायला नळाभोवतीच्या सिमेंटच्या खड्ड्यात जो गुडघे टेकायचा, तो बघता बघता आडवा व्हायचा. मग दोन गडी त्याला वर ओढायचे.

"पवित्र आत्म्यानं पाडला!" ब्रदर काठावरून गरजायचा आणि त्याच्या कपाळाला विहिरीचं तेल फासायचा.

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लव्हेडाला खड्ड्यापाशी लागलेल्या रांगेत थोरला भाऊ होलिस दिसला आणि ती धावत त्याच्याजवळ गेली. त्याची फुफ्फुसं आधीच निकामी. ऑक्सिजनची नळी त्यानं नाकातून काढून खिशात कोंबली होती.

"अरे, वेड लागलंय का तुला?"

"डॉक्टरांनी हात टेकलेत, लव्हेडा. आता देवाला बघू दे."

"देवाला वरूनही दिसतं. खाली कशाला मरायला उतरतोस?"

तिनं गाडीतला कंदील पेटवून दोरीनं खड्ड्यात सोडला. विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

"ज्योतसुद्धा नतमस्तक झाली! हालेलूया!" ब्रदर म्हणाला.

"झाली खरी. आता तुम्ही व्हा. एक भजन संपेपर्यंत खाली बसा."

ब्रदर एक पाऊल मागे सरकला. "मेंढपाळानं काठावरच थांबायचं असतं."

"माझ्या नातीला, मेव्हिसला खड्ड्यात ढकललंत तेव्हा नाही सुचलं हे?" मागून एक म्हातारी कडाडली.

लव्हेडानं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. "तिथं तेलकंपनी जमिनीत कार्बन डायऑक्साइड दाबतेय. खडकात अडकलेल्या तेलात तो मिसळतो, तेल पातळ होऊन सरकतं. तेच इथं वायूसकट वर आलंय. दाबातून सुटलेला वायू गार पडतो, म्हणून बर्फ. हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात साचतो. माणसं पडतात ती गुदमरून."

"म्हणजे प्रार्थनेचं काहीच नाही?" होलिसनं विचारलं.

"कंपनीला पंप बंद करायला लावू. मग करू दे की ब्रदरला प्रार्थना, बघू तेल येतं का."

होलिसनं ब्रदरच्या बुटांकडे पाहिलं. त्यांवर तेलाचा थेंबही नव्हता; तो कधी खाली उतरलाच नव्हता. होलिसनं खिशातली नळी काढून पुन्हा नाकात घातली. लव्हेडाला रडू फुटलं.

"देवाला खुशाल माना," डोळे पुसत ती लोकांना म्हणाली, "पण कुणी खड्ड्यात उतरा म्हणालं, तर आधी त्याला उतरवा."