पहिली नोंद

सांगवीच्या दादासाहेबांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांची लेक माधवी बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटरची डिग्री करत होती. आणि दुसरी, कारखान्याच्या गट ऑफिसात ऊसलागणीची पहिली नोंद दरसाल त्यांची असायची. ज्याची नोंद आधी त्याची तोड आधी, आणि ज्याची तोड आधी त्याचं रान आधी मोकळं. एवढ्या एका सूत्रावर त्यांनी संसार हाकला होता, आणि खरं सांगायचं तर बरा हाकला होता. नोंदीच्या दिवशी ते कोंबड्याच्याही आधी उठत. जाताना वस्तीवरच्या चार घरांच्या लागणीच्या तारखाही घेऊन जात. आपण निघालोच आहोत तर शेजाऱ्याचीही नोंद करून यायची, ही वस्तीची रीतच होती.

त्या रीतीला अपवाद फक्त रावजीचा. बांधाला बांध लागून, पण तीन वर्षं बोलणं नाही. कारण काय, तर चपला. रावजीनं भल्या पहाटे गट ऑफिसच्या पायरीवर नंबराला चपला ठेवल्या आणि तो चहाला गेला. दादासाहेब मागून आले. नंबर माणसाचा असतो, चपलेचा नसतो, असं म्हणून त्यांनी आपली नोंद करून टाकली. पुढं दोघांचाही ऊस वेळेत गेला, त्याची साखर झाली, लोकांनी ती खाल्ली, पण भांडण काही विरघळलं नाही.

सत्त्याण्णव सालचा जून होता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन माधवी इंदापूर तालुक्यात पळसदेवला आत्याकडं गेली होती. इकडं कॉलेजनं नोटीस लावली, की तिसऱ्या वर्षाला ग्राफिक्स नाहीतर नेटवर्किंग, दोहोंतला एक विषय निवडून ऑफिसात नाव द्यावं. दादासाहेबांना हे एस.टी.त कुणाच्या तरी तोंडून कळलं. नाव द्यायचं म्हणजे नोंदच की! दुसऱ्या दिवशी शिपाई कुलूप काढायला आला, तेव्हा फेटा बांधलेला एक गृहस्थ पायरीवर डबा खात बसला होता.

"कोणता विषय लिहू?" क्लार्कनं विचारलं.

"लवकर येणारा कंचा?"

क्लार्क बारामतीचाच, त्याच्या घरी ऊस होता, लवकर येणारं वाण त्यालाही ठाऊक होतं. त्याला प्रश्न बरोबर कळला. "नेटवर्किंगचे तास सकाळचे. पोरं दुपारच्या गाडीनं घरी."

"मग त्योच लिवा. आन आमच्या गाडीला येत्यात ती वस्तीवरची पोरं, त्यांचीबी नावं लिवा. समदी आपलीच हायत."

क्लार्कनं खरं तर लिहायला नको होतं. पण दादासाहेबांपुढं नाही म्हणणं सोपं नव्हतं, शिवाय डब्यातली शेंगाचटणी त्यानंही चाखली होती. पाच पोरं एका दमात नोंदली गेली. रावजीच्या इंद्रजितचं नाव दादासाहेबांनी तेवढं घेतलं नाही. तोही त्याच गाडीला, माधवीच्याच वर्गात होता.

दोन दिवसांनी माधवी आली. दादासाहेबांनी पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "पोरी, पयला नंबर लावलाय तुजा!"

माधवीनं सगळं ऐकून घेतलं. तांब्या तसाच ओट्यावर ठेवला.

"दादा, मला ग्राफिक्स घ्यायचं हुतं."

"त्यात काय हाय एवढं?"

"कॉम्प्युटरला आकडे सांगून चित्र काढायचं. मला आत्याचं जुनं, धरणात बुडालेलं पळसदेव काढायचंय. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की नुसतं देऊळ दिसतं. घरं न्हाईत दिसत. आत्या सांगती आन मी समदं लिवून घेती, कुठं वेस हुती, कुठं कुणाचा गुरांचा वाडगा हुता. त्याच्यासाठी तर मी दोन वर्षं गणितं घासली." तिनं तांब्या आणखी मागं सारला. "मला इच्यारायचं तरी हुतं."

रात्री ती जेवली, पण बोलली नाही. दादासाहेबांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. ही पोर शाळेतून आली की चुलीपाशी बसून अख्खा दिवस पुन्हा सांगायची, आणि ते भाकरी मोडता मोडता ऐकत राहायचे. त्या रात्री भाकरी नुसतीच मोडली.

सकाळी ते आपणहून तिच्यामागं कॉलेजात गेले. ग्राफिक्स शिकवणाऱ्या विजयमालाबाई इंदापूरहून रोज एस.टी.नं यायच्या. त्यांनी आधी दादासाहेबांना बसायला खुर्ची दिली आणि मग वाईट बातमी दिली. दहा पोरं मिळाल्याशिवाय कोणताच विषय चालणार नव्हता. नेटवर्किंगला तर दहाच्या वर कितीतरी नावं आली होती. ग्राफिक्सला माधवी धरूनही दहा होत नव्हते, कारण वस्तीची पोरं तिकडं गेली होती.

"दोन वर्षांपासून आखणी करतेय हो मी," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदाकडं त्यांनी बोट केलं. त्यावर चौकोन होते, चौकोनातून चौकोनाकडं बाण होते. "पहिल्या वर्षाच्या गणितावर दुसऱ्या वर्षाचं गणित उभं. त्यावर हा विषय. कोणत्या आठवड्यात कोणतं प्रात्यक्षिक, तेही ठरलंय. लोडशेडिंगसुद्धा धरलंय. माधवीनं पहिल्या वर्षापासून हे बघूनच अभ्यास केला."

दादासाहेब बाणांवरून बोट फिरवत खालून वर गेले. आदल्या पिकानं रानात काय ठेवलंय ते बघून पुढचं पीक घ्यायचं, याला ते बेवड बघणं म्हणत. हरभऱ्याच्या बेवडावर ऊस कसा फोफावतो, हे ते अख्ख्या गावाला सांगत फिरायचे.

"म्हंजे पोरीनं दोन वर्षं बेवड तयार केला," ते हळूच म्हणाले, "आन मी भलतंच पेरून आलो."

बाई हसल्या. "अजून उगवलेलं नाही. शनिवारपर्यंत नाव बदलता येतं. पण ज्याचं त्यानं येऊन बदलायचं."

झालं. दादासाहेब वस्तीवर घरोघर फिरले. आयुष्यात त्यांनी केलेली नोंद कधी मागं घेतली नव्हती, आणि आता दारात उभे राहून विशीतल्या पोरांना विचारत होते, "बाळ, तुला काय शिकायचंय?" पोरं आधी बावरली. मग एकेक बोलायला लागली. प्रतीक्षा म्हणाली, "आबा, मला नेटवर्किंगच पायजे." दादासाहेब म्हणाले, "मग त्येच घे बाई." बाकीच्यांना मनापासून ग्राफिक्स हवं होतं. त्यांनी बोलायची हिंमत केली नव्हती इतकंच. सगळी बेरीज केली तर एक कमी पडत होता.

एकच पोरगा उरला होता, इंद्रजित. त्यानं अजून नाव दिलं नव्हतं.

बांध ओलांडायला दहा पावलं लागत असतील, पण दादासाहेब बांधावर बराच वेळ उभे राहिले. शेवटी गेले. रावजी गोठ्यात वैरण टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पोरगं कुठाय?" दादासाहेबांनी विचारलं.

"का? त्याचीबी नोंद करून आलास काय?"

"न्हाय. त्याचीच तेवढी ऱ्हायली. त्याला इच्यारायचंय."

इंद्रजित आतून आलाच. ग्राफिक्स घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण दादासाहेबांच्या पोरीच्या तासाला बसलास तर घरात पाय ठेवू नको, असं रावजीनं बजावलं होतं. पोरानं बापाकडं बघितलं. रावजीनं म्हशीकडं बघितलं. म्हशीला या प्रकरणात काहीच म्हणायचं नव्हतं.

"रावजी," दादासाहेब म्हणाले, "औंदा गट ऑफिसात पयली नोंद तुजी. मी तुज्या मागं हुबा ऱ्हातो."

रावजीच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "खरं?"

"पोरीची शपथ."

"आन मी चपला ठिवून च्याला गेलो तर?"

दादासाहेबांनी रावजीच्या पायातल्या चपलांकडं बघितलं. "राखीन."

रावजी त्यावर इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्यानं इंद्रजितला शनिवारच्या पहिल्या गाडीनं पिटाळलं, आणि ग्राफिक्सचे दहा पुरे झाले.

आणि नोंदीच्या दिवशी अख्ख्या गावानं बघितलं. गट ऑफिसच्या पायरीवर रावजीच्या चपला होत्या, आणि त्यांच्या मागं हात बांधून दादासाहेब उभे होते. रावजीनं दोन कप चहा मुद्दाम सावकाश घेतला. येताना तिसरा मात्र दादासाहेबांसाठी आणला.

हिवाळ्यात कॉलेजात पोरांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. दादासाहेब पळसदेवला जाऊन बहिणीला, सारजाअक्काला घेऊन आले. सणावाराला सासरहून बहिणीला माहेरी आणणारा भाऊ म्हणजे मुराळी. लहानपणी ते असेच मुराळी होऊन तिला आणायला जात, पण तेव्हाचं ते दार आता पाण्याखाली होतं. इंद्रजितचं काम बघायला रावजीही आला होता. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागल्या, तेव्हा दादासाहेबांनी सवयीनं रावजीच्या चपलांवर एक नजर ठेवली.

माधवीनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ आली, मग दुसरी. रेघारेघांनी देऊळ उभं राहिलं, वेस आली, गल्ली आली, घरं आली. सारजाअक्का पदर तोंडाला लावून बघत राहिली. एका घराला मात्र दार नव्हतं.

"आत्या, तुज्या घराचं दार मी मुद्दाम काढायचं ठिवलंय," माधवी म्हणाली. "एकदा तू म्हणतीस देवळाकडं तोंड, एकदा म्हणतीस वेशीकडं."

अक्का गोंधळली. "लई वर्सं झाली गं पोरी."

दादासाहेबांना दार पक्कं ठाऊक होतं. दिवाळीला तिथं उभं राहून अक्काला हाका मारल्या होत्या त्यांनी. शब्द अगदी ओठावर आले. पण ते दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभे राहिले.

माधवीच्या ते ध्यानात आलं. तिनं खुर्ची मागं वळवली.

"दादा," तिनं विचारलं, "दार कुठं काढू?"